टायर झिजतो, खिसा झिजतो

सायकलचा टायर झिजून गुळगुळीत झाला की घरातली वडीलधारी माणसे लगेच बजावतात, "अरे, बदल तो टायर, घसरून पडशील!" मोटारीच्या बाबतीतही तेच. टायरवरची नक्षी नाहीशी झाली की तो रस्त्यावर वापरणे धोक्याचे असते, आणि कायद्यालाही ते मंजूर नसते. पण मोटारींच्या एखाद्या मोठ्या शर्यतीचे चित्र तुम्ही कधी नीट निरखून पाहिले आहे का? ऊन पडलेले असताना धावणाऱ्या त्या मोटारींच्या टायरांवर एकही खाच नसते. पाटीसारखे कोरे, गुळगुळीत टायर! मग जगातले सर्वांत वेगवान चालक घसरून पडत कसे नाहीत?

या प्रश्नाशी जोडलेली एक खरी गोष्ट आहे. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स हंट नावाच्या एका तरुणाला शर्यतीचे वेड लागले. खिशात पैसे नव्हते. मिळेल ते काम करून त्याने एक मोडकी 'मिनी' मोटार घेतली, ती स्वतः दुरुस्त केली आणि तो स्नेटर्टनच्या मैदानावर पोहोचला. शर्यतीपूर्वी प्रत्येक मोटारीची तपासणी होते. तपासनीसांनी पाहिले, तर टायरांना टक्कल पडलेले आणि चालकाच्या आसनाच्या जागी बागेतली खुर्ची ठोकलेली! त्यांनी मोटार शर्यतीत उतरूच दिली नाही. हंट निराश होऊन परतला. पण थोड्याच काळात, १९६८ साली, त्याने हप्त्यांवर एक छोटी शर्यतीची मोटार घेतली. ती 'फॉर्म्युला फोर्ड' या स्वस्त वर्गातली होती. तेथून पायऱ्या चढत चढत १९७६ साली तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

हंटला ती पहिली पायरी मिळाली नसती तर? ती पायरी त्याच्या आवाक्यात यावी म्हणून काही माणसांनी मुद्दाम विचार करून नियम बनवले होते. त्या नियमांत टायरचे स्थान मोठे होते. टायरचा आणि पैशाचा संबंध काय, आणि त्यामागे कोणते विज्ञान आहे, ते आज पाहू.

उघड्या चाकांची मोटार

ज्या मोटारीची चारही चाके अंगाबाहेर, उघडी असतात आणि जिच्यात एकाच माणसाची जागा असते, तिला उघड्या चाकांची मोटार म्हणतात. फॉर्म्युला वन हे तिचे सर्वांत प्रगत आणि सर्वांत खर्चिक रूप. परंतु कोणीही थेट तेथे जाऊन पोहोचत नाही. सुरुवात करावी लागते ती लहान मोटारींपासून. 'फॉर्म्युला' म्हणजे सूत्र. इंजिन केवढे, वजन किती, चाके किती रुंद हे ठरवणारी नियमावली. सर्वांनी एकाच सूत्राप्रमाणे मोटार बांधायची आणि मग कोण चांगले चालवतो ते पाहायचे, अशी ही कल्पना.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ह्युबर्ट ब्रंडेज हे फोक्सवॅगन मोटारींचे विक्रेते होते. फोक्सवॅगनच्या 'बीटल' मोटारीचे भाग वापरून शर्यतीची स्वस्त मोटार बनवावी, असे त्यांच्या मनात आले. बीटल म्हणजे ती भुंग्याच्या आकाराची, इंजिन मागे असलेली मोटार. पहिली मोटार इटलीतल्या एन्रिको नार्दी यांच्या कारखान्यात तयार झाली. इंजिन, गिअरपेटी, पुढचा आस, ब्रेक, चाके, सगळे बीटलचेच. इंजिन १२०० घनसेंटिमीटरचे, शक्ती जेमतेम ४० अश्वशक्ती. १९६३ साली अमेरिकेच्या स्पोर्ट्स कार क्लबने या वर्गाला मान्यता दिली. तोच 'फॉर्म्युला व्ही'. पुढे जगज्जेते झालेले निकी लाउडा, एमर्सन फिट्टिपाल्डी आणि केके रॉसबर्ग हे तिघेही आपल्या उमेदवारीच्या काळात या मोटारी चालवत होते.

इंग्लंडमधली कथा थोडी वेगळी. तेथे शर्यत शिकवणाऱ्या शाळा होत्या. शिकाऊ मुलांच्या हातून शर्यतीची महागडी इंजिने सारखी मोडत. शर्यतीचे टायर तर भराभर झिजत. अशाच एका शाळेचे चालक जेफ क्लार्क आणि ब्रँड्स हॅच मैदानाचे जॉन वेब यांनी तोड काढली. रोजच्या वापरातल्या फोर्ड कॉर्टिना मोटारीचे इंजिन आणि रस्त्यावरचेच टायर लावायचे. पूर्ण मोटारीची किंमत एक हजार पौंडांच्या आत ठेवायची. २ जुलै १९६७ रोजी ब्रँड्स हॅचवर फॉर्म्युला फोर्डची पहिली शर्यत झाली आणि ती रे ॲलन यांनी जिंकली. पुढे आयर्टन सेना, नायजेल मॅन्सेल, जेन्सन बटन असे कितीतरी जगज्जेते याच पायरीवरून वर गेले.

पण इंजिन स्वस्त झाले म्हणजे शर्यत स्वस्त झाली, असे मात्र नाही. इंजिन एकदा घेतले की काही काळ चालते. टायर मात्र प्रत्येक वळणावर थोडा थोडा खर्च होत असतो. त्याचे कारण समजण्यासाठी रबराच्या पोटात शिरायला हवे.

रबर पुस्तकातला नियम मोडते

घर्षणाचे नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. घर्षणबल हे वजनाच्या प्रमाणात असते आणि ते संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. वीट आडवी ओढा की उभी ओढा, बल तेवढेच लागते. फ्रान्सच्या आमोंताँ यांनी १६९९ साली हे मांडले. लाकूड, दगड, धातू यांना तो नियम बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मात्र त्याला जुमानत नाही!

रस्ता आपल्याला सपाट दिसला, तरी भिंगातून पाहिले तर तो डोंगरदऱ्यांचा प्रदेश आहे. कठीण वस्तू त्या डोंगरांच्या फक्त शिखरांवर टेकते. मऊ रबर मात्र दऱ्यांतही उतरते. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली अशी की रबराचे रेणू दगडाच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ जातात आणि त्याला क्षणभर चिकटतात. दुसरी अशी की घसरू पाहणाऱ्या रबराला प्रत्येक खडबडीत टेंगळावरून दबत आणि फुगत जावे लागते. दबताना जेवढी ऊर्जा लागते, तेवढी फुगताना परत मिळत नाही. उरलेली उष्णतेच्या रूपाने रबरातच राहते. ही ऊर्जेची गळती म्हणजेच घसरण्याला होणारा विरोध. गंमत पाहा, जे रबर चेंडूसारखे टणाटण उडते ते टायरला फारसे चांगले नाही. जे आळशी आहे, उडतच नाही, ते रस्ता घट्ट धरते!

वजन दुप्पट केले तर रबराची पकडही दुप्पट व्हावी, असे आपल्याला वाटते. पण ती दुपटीपेक्षा थोडी कमीच वाढते, कारण आधीच बऱ्याच दऱ्या भरलेल्या असतात. म्हणून तेच वजन जास्त रुंद टायरवर पसरले तर एकूण पकड वाढते. वीट आडवी की उभी याने फरक पडत नाही, पण टायर अरुंद की रुंद याने पडतो!

आता गुळगुळीत टायरचे कोडे सुटले. कोरड्या रस्त्यावर नक्षीच्या खाचा म्हणजे वाया गेलेली जागा. खाचा नसतील तर जास्त रबर रस्त्याला टेकते. खाचा असतात त्या पावसासाठी. टायरखाली सापडलेले पाणी त्यांच्या वाटे बाहेर पडते. ही वाट नसेल तर वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि चालकाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून पाऊस आला की शर्यतीतले गुळगुळीत टायर काढून खाचांचे टायर लावावे लागतात. हंटच्या मिनीचे टायर मात्र शर्यतीचे नव्हते. ते रस्त्यावरचे टायर झिजून टक्कल पडलेले होते. दिसायला दोन्ही गुळगुळीत, पण एकात ताजे मऊ रबर आणि दुसऱ्यात आयुष्य संपत आलेले कडक रबर.

टायरला दोन प्रकारचे म्हातारपण

रबराच्या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या कच्च्या रबराचे रेणू ताटातल्या शेवयांसारखे लांब आणि एकमेकांत गुंतलेले, पण सुटे असतात. म्हणून कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. १८३९ साली अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांना शोध लागला की रबर गंधकाबरोबर तापवले तर हे दोष जातात. गंधकाचे अणू शेवयांमध्ये जागोजागी छोटे पूल बांधतात. हेच व्हल्कनीकरण. पूल थोडे असतील तर रबर मऊ, पूल पुष्कळ असतील तर कठीण. त्यात काजळी मिसळली की ते झिजेला टक्कर देते. टायर काळा असतो तो या काजळीमुळे. आणखी तेलेही मिसळतात. त्यांनी रबर लवचीक राहते.

शर्यतीचा टायर बनवणारा रसायनतज्ज्ञ या सर्वांचा मेळ घालतो. त्याच्यापुढे एक अडचण कायम उभी असते. पकड हवी तर रबर मऊ हवे, आणि मऊ रबर लवकर झिजते. एक हात वर केला की दुसरा खाली येतो.

झीज हे टायरचे डोळ्यांना दिसणारे म्हातारपण. न दिसणारे म्हातारपण त्याहून फसवे असते. शर्यतीत टायर ८० ते १०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो, नंतर निवतो. पुन्हा तापतो, पुन्हा निवतो. दर वेळी आत राहिलेले गंधक आणखी काही पूल बांधते आणि काही तेल बाहेर निघून जाते. रबर हळूहळू कडक होते. अशा टायरवर बोटभर रबर शिल्लक दिसेल, पण पकड गेलेली असेल. दिसायला तरुण, आतून म्हातारा! म्हणूनच अत्यंत मऊ टायर वापरणाऱ्या स्पर्धकांना टायर संपण्याच्या आधीच नवा संच घ्यावा लागतो. ज्याच्याजवळ पैसे असतात, तो दर शर्यतीला कोरा संच चढवतो.

एका टक्क्याची किंमत

नव्या टायरने असा किती फरक पडतो? चला, गणित करू. वळणावरून जाताना मोटारीला आत खेचणारे अभिकेंद्री बल टायरच्या घर्षणातूनच मिळते. त्यावरून वळणावरचा जास्तीत जास्त वेग असा येतो :

वेग = √(घर्षणांक × गुरुत्वत्वरण × वळणाची त्रिज्या)

मोटारीचे वस्तुमान या सूत्रात नाही, हे लक्षात आले का? समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आणि घर्षणांक १ आहे. तर वेग = √(१ × ९.८ × ५०) = सुमारे २२ मीटर दर सेकंदाला, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. घर्षणांक १.४ झाला तर हाच वेग ताशी ९४ किलोमीटर होतो. (घर्षणांक एकापेक्षा जास्त नसतो, असे कोणी सांगितले असेल तर रबर तेथेही अपवाद आहे.)

आता समजा, नव्या टायरने पकड अवघी एक टक्का वाढली. वेग घर्षणांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे तो अर्धा टक्का वाढेल. एका फेरीतली ४० सेकंदे वळणांत जात असतील, तर फेरीमागे ०.२ सेकंद वाचले. पंधरा फेऱ्यांत ३ सेकंद. त्या वेळी मोटार सेकंदाला ३५ मीटर वेगाने धावत असेल, तर ३ सेकंद म्हणजे १०५ मीटर. एका टक्क्याने शंभर मीटरची आघाडी! जेथे पहिला आणि दुसरा यांच्यात पुष्कळदा एका मोटारीच्या लांबीचेही अंतर नसते, तेथे हा लाभ केवढा मोठा! तोही सराव न करता, कौशल्य न वाढवता, केवळ पाकीट उघडून मिळालेला.

कुस्तीच्या फडातला प्रेक्षक

जत्रेतल्या कुस्तीच्या फडात हे दृश्य तुम्ही पाहिलेच असेल. सगळे बसून कुस्ती पाहत असतात. पुढच्या रांगेतला एकजण नीट दिसावे म्हणून उभा राहतो. मग त्याच्या मागच्याला उठावे लागते, मग त्याच्या मागच्याला. शेवटी सगळा फड उभा! प्रत्येकाला दिसते पहिल्याइतकेच, पण पाय मात्र सगळ्यांचे दुखतात.

टायरचे नेमके हेच होते. काल्पनिक आकडे घेऊन हिशोब मांडू. मऊ टायरांच्या एका संचाची किंमत १०० रुपये मानू. हंगामात आठ शर्यती आहेत. एका स्पर्धकाने दर वेळी नवा संच घेतला तर खर्च ८०० रुपये, आणि तो जिंकू लागतो. मग उरलेले एकोणीसजणही तेच करतात. वीसजणांचा मिळून खर्च १६,००० रुपये. आणि लाभ? शून्य. कारण सर्वांनाच एक टक्का जास्त पकड मिळाली. क्रम होता तसाच राहिला.

आता नियम केला की सर्वांनी एकच, कठीण रबराचा टायर वापरायचा. त्याची किंमत ११० रुपये आहे, पण तो हंगामभर टिकतो. वीसजणांचा खर्च २,२०० रुपये. फेरीला दोन सेकंद जास्त लागतील, पण सर्वांनाच लागतील. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला हा फरक कळणारही नाही. मात्र हंटसारख्या मुलाला तो फार मोठा असतो. ८०० रुपये त्याला परवडत नाहीत, ११० परवडतात.

नियम केला नाही तर काय होते? उभे राहणे ज्यांना झेपत नाही, ते फडातून उठून घरी जातात. मोटारींची संख्या घटते. मैदानाचे भाडे उरलेल्या थोड्याजणांत वाटले जाते, म्हणून प्रवेशशुल्क वाढते आणि आणखी काहीजण गळतात. हौशी शर्यतीचा वर्ग असाच आटत जातो.

नियमांचे नाना प्रकार

मग हौशी शर्यतींचे आयोजक काय करतात? पहिला उपाय चाकाची रुंदी बांधून टाकण्याचा. फॉर्म्युला व्हीचे चाक १५ इंच व्यासाचे आणि फक्त ४ इंच रुंद, फॉर्म्युला फोर्डचे १३ इंच व्यासाचे आणि साडेपाच इंच रुंद. रुंद टायरने पकड वाढते हे आपण पाहिले, म्हणून ही वाटच बंद करायची. दुसरा उपाय म्हणजे सर्वांना एकाच कारखान्याचा, एकाच प्रतीचा टायर. तिसरा, एका शर्यतीत किंवा हंगामात किती टायर वापरायचे याची मर्यादा. त्यासाठी टायरवर खूण करून त्याची नोंद ठेवतात. चौथा, टायर तापवणारी विजेची गोधडी वापरण्यास मनाई. पाचवा उपाय ब्रिटनच्या फॉर्म्युला फोर्डमध्ये दिसतो. तेथे खाचांचा कठीण टायर सक्तीचा आहे. ऊन असो की पाऊस, तोच टायर. कोरड्याचा एक आणि पावसाचा एक असे दोन संच बाळगण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

या खाचांच्या टायरात एक खुबी आहे. नव्या टायरवर रबराचे उंच ठोकळे असतात. कोरड्या रस्त्यावर वळताना ते डुलतात, तापतात. थोडी झीज झाली की ठोकळे बुटके होतात, डुलणे थांबते आणि टायर उलट अधिक वेगवान होतो! म्हणून धोरणी चालक अर्धवट झिजलेला संच कोरड्यासाठी जपून ठेवतो आणि पावसात खोल खाचांचा नवा संच काढतो. येथे जुना टायर टाकून देण्याची वस्तू नसते.

नियम आला की पळवाट शोधणाराही येतो. काहीजण टायरवर रसायने चोळून रबर मऊ करू पाहतात. ही रसायने बहुधा विषारी असतात आणि त्यांनी टायर दुबळाही होतो. म्हणून त्यांवर बंदी आहे. तपासनीस टायरचा कठीणपणा मोजतात. त्यासाठी 'शोअर' मापकाची बोथट सुई रबरात दाबतात. सुई जितकी कमी रुतेल, तितका आकडा मोठा. रस्त्यावरच्या मोटारीचे टायर साधारण ६५च्या आसपास भरतात. शर्यतीचे मऊ टायर ५०च्याही खाली उतरतात.

कठीण टायरचा आणखी एक गुण शिक्षकांना आवडेल. पकड कमी असल्यामुळे मोटार लवकर घसरू लागते, पण ती हळूहळू, आधी सूचना देऊन घसरते. सुकाणू हिसडले, ब्रेक दाणकन दाबला, की वेळ आणि टायर दोन्ही वाया. त्यामुळे नवशिक्या चालकाचा हात आपोआप हलका होतो. कमी पकडीचा टायर हा कडक पण चांगला मास्तर आहे.

नाण्याची दुसरी बाजू

हे सारे वाचून वाटेल, नियम करा की झाले. पण तसे नाही. एकाच कारखान्याचा टायर सक्तीचा केला की किंमत ठरवणे त्याच्या हाती जाते. त्याने उत्पादन थांबवले तर अख्खा वर्ग अडचणीत येतो. शिवाय टायरवर न झालेला खर्च श्रीमंत स्पर्धक दुसरीकडे करतो. अधिक चांगले धक्काशोषक घेतो, सरावाचे जास्त दिवस मिळवतो. पाणी एका जागी अडवले तर ते दुसरी वाट शोधतेच.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये नियम आला की शर्यतीच्या मध्ये टायर बदलायचा नाही. फक्त फाटलेला किंवा धोकादायक झालेला टायर बदलण्याची मुभा होती. त्या वर्षी मे महिन्यात जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगवर किमी रायकोनेन आघाडीवर होता. चाक अडकून घासल्यामुळे त्याच्या पुढच्या टायरवर सपाट चट्टा पडला होता. दर फेऱ्याला चाक हादरे देत होते. तो तसाच चालवत राहिला. शेवटच्या फेरीच्या सुरुवातीला चाकाचा आधारच तुटला आणि हाती आलेली शर्यत गेली. सुदैवाने त्याला इजा झाली नाही.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेत इंडियानापोलिसला त्याहून मोठा पेच पडला. तेथील उतरत्या, वेगवान वळणाचा ताण मिशेलिन कंपनीच्या टायरांना सोसेना. सरावात टायर निकामी झाले. तोडगा निघाला नाही. १९ जून २००५ रोजी त्या टायरांच्या चौदाही मोटारी शर्यत सुरू होण्याआधीच बाजूला झाल्या आणि दुसऱ्या कंपनीचे टायर लावलेल्या अवघ्या सहा मोटारी धावल्या. त्या सहांपैकी एकात आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय! २००६ साली टायर बदलण्याची मुभा परत देण्यात आली. टायर टिकावा असा नियम करताना तो टायर त्या मैदानावर खरोखरच टिकेल ना, हे आधी तपासावे लागते, हा धडा सर्वांना मिळाला.

आपल्याकडची पायरी

कार्तिकेयनची पहिली पायरीही स्वस्त मोटारीचीच होती. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन स्वतः शर्यती खेळत आणि मोटारीही बांधत. फॉर्म्युला फोर्ड परदेशातून आणणे भारतात परवडणारे नव्हते. त्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० मोटारीचे इंजिन वापरून एका माणसाची, उघड्या चाकांची मोटार तयार केली. तीच 'फॉर्म्युला मारुती'. ब्रंडेज यांनी बीटलचे केले, तेच करिवर्धन यांनी मारुतीचे केले. जी मोटार देशात घरोघरी आहे, तिचे भाग स्वस्त असतात आणि ते दुरुस्त करणारे हातही गावोगावी असतात. चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदूरच्या मैदानावर फॉर्म्युला मारुतीतूनच कार्तिकेयन शर्यतीत उतरला आणि पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला. १९९५ साली विमान अपघातात करिवर्धन यांचे निधन झाले. कोइम्बतूरजवळचे 'करी मोटर स्पीडवे' हे शर्यतीचे मैदान त्यांच्या नावाने ओळखले जाते.

करून पाहा

१. एक गुळगुळीत फळी, एक लाकडी ठोकळा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या. ठोकळा फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागताच कोनमापकाने कोन मोजा. त्या कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणजे घर्षणांक. आता ठोकळ्याला खालून ट्यूब चिकटवून पुन्हा मोजा. कोन ४५ अंशांच्या पुढे गेला तर घर्षणांक एकापेक्षा जास्त! मग फळी ओली करून, तिच्यावर धूळ टाकून, ट्यूब उन्हात तापवून काय होते याची नोंद करा.

२. रबरी चेंडू एक मीटर उंचीवरून सोडा आणि तो किती वर उडतो ते पाहा. तोच चेंडू तासभर बर्फात ठेवून पुन्हा सोडा. उंचीत पडलेला फरक कोठे गेला, याचा विचार करा.

३. वर्गात दोन गट करा. तुम्ही एका हौशी क्लबचे सभासद आहात. एक गट 'सर्वांना एकच कठीण टायर' या बाजूने बोलेल, दुसरा विरुद्ध. बोलताना केवळ मत न देता हिशोब मांडायचा, ही अट.

मित्रहो, नियम म्हटला की तो आपल्याला अडवण्यासाठी आहे असे वाटते. येथे मात्र टायर किती रुंद, किती मऊ, किती संच, असे रुक्ष दिसणारे चार नियम हे दार उघडे ठेवण्यासाठी आहेत. ते दार पुरेसे उघडे राहिले, तर बागेतली खुर्ची ठोकून आलेला एखादा मुलगा आज परत पाठवला गेला, तरी उद्या त्याच दारातून आत येऊ शकतो.